परीक्षा दिली की घेतली?

मागच्या महिन्यात भाचीने तिचं एक निवेदन वाचायला पाठवलं. पुढच्या शिक्षणासाठी ब्रिटनमधल्या एका विद्यापीठाला द्यायचं होतं, दीड पानाचं. रात्री कामं उरकल्यावर मी ते उघडलं. चांगलं लिहिलं होतं. तिचं स्वतःचं होतं, कुठून उचललेलं नव्हतं; वाचताना तिचा आवाज ऐकू येत होता. तिसऱ्या परिच्छेदात ‘आय गेव्ह द एक्झाम ट्वाइस’ असं वाक्य आलं. मी ‘गेव्ह’ खोडलं, ‘टुक’ लिहिलं आणि पुढे गेले. दोन सेकंदही लागले नसतील. इतकी वर्षं इंग्रजी शिकवल्यावर ही दुरुस्ती डोक्यातून येत नाही, थेट मनगटातून येते. दुसऱ्या दिवशी तिचा फोन आला. बाकीच्या दुरुस्त्या तिने मुकाट्याने मान्य केल्या होत्या, या एकीपाशी मात्र थांबली होती. “मावशी, हे ‘टुक’ का गं? परीक्षा त्यांनी घेतली. मी तर दिली ना?” आवाजात वाद नव्हता. पण ‘मी तर दिली’ म्हणताना ती शब्दावर किंचित रेंगाळली. ती परीक्षा तिने खरोखरच दोनदा दिली होती. पहिल्या खेपेला थोडक्यात गेली, मग एक अख्खं वर्ष पुन्हा त्याच पुस्तकांसमोर बसली. मी म्हटलं, “इंग्रजीत तसंच म्हणतात.” ती म्हणाली, “बरं.”

ते ‘बरं’ माझ्या मनातून जाईना.

‘इंग्रजीत तसंच म्हणतात’ हे उत्तर मी आजवर असंख्य वेळा दिलं असेल. ते खरं आहे, आणि तरी त्याने कुणाचंच समाधान होत नाही, देणाराचंही नाही. मराठीत मास्तर परीक्षा घेतात आणि विद्यार्थी ती देतो. इंग्रजीत विद्यार्थी ती ‘टेक’ करतो, आणि ‘गिव्ह’ कुणी करत असेल तर शिक्षक. दोन्हीकडे माणसं तीच, मधला कागद तोच, बाण मात्र उलटे. रात्री पडल्या पडल्या मी तो कागद डोळ्यांसमोर आणत राहिले, तेव्हा जाणवलं की दोन्ही भाषांनी पाहिलंय ते खरंच आहे, फक्त वेगवेगळ्या वेळी पाहिलंय. परीक्षेच्या सुरुवातीला प्रश्नपत्रिका वरून खाली येते, विद्यार्थी ती हात पुढे करून घेतो. शेवटी उत्तरपत्रिका खालून वर जाते, विद्यार्थी ती देऊन मोकळा होतो. इंग्रजीने पहिली घंटा धरली, मराठीने शेवटची. आणि मधले तीन तास दोन्ही भाषांच्या क्रियापदांत कुठेच नाहीत.

मराठीतलं हे ‘देणं’ साधं नाही. आपण जबाब देतो, साक्ष देतो, कबुली देतो, झुंज देतो, वेळ आली तर प्राणही देतो. या सगळ्या देण्यांत समोर कुणीतरी मोठं असतं आणि देणारा आपल्याजवळचं काहीतरी त्याच्यापुढे ठेवत असतो. परीक्षा त्याच ओळीत बसते. आपण शपथ मात्र घेतो, औषध घेतो, जबाबदारी घेतो. इंग्रजीतही या तिन्हींना ‘टेक’च लागतं. इतक्या ठिकाणी बरोबरीने चालत आलेल्या दोन भाषा परीक्षेच्या दारात येऊन वेगळ्या वाटा धरतात. इंग्रजी बोलणाऱ्याच्या लेखी परीक्षा ही शपथेसारखी, औषधासारखी स्वतःवर घ्यायची गोष्ट. आपल्या लेखी ती स्वतःतून काढून द्यायची गोष्ट. दोनदा परीक्षा दिलेल्या मुलीला मी सांगत होते की तू ती घेतलीस. तिला ते पचलं नाही यात मला आता काहीच नवल वाटत नाही.

मी इंग्रजी शिकवते ते मोठ्या माणसांना, तेही पडद्यावरून. एका वर्गात पाच-सहा देशांतली माणसं असतात आणि परीक्षा हा विषय निघाला की प्रत्येक जण आपापल्या भाषेतलं क्रियापद घेऊन येतो. फ्रेंच बोलणारी विद्यार्थिनी आनंदाने सांगते की काल मी परीक्षा ‘पास’ केली. सगळे तिचं अभिनंदन करतात आणि ती गोंधळते, कारण निकाल अजून लागायचा असतो. फ्रेंचमध्ये ‘पासे’ म्हणजे नुसतं परीक्षेला बसणं. यशस्वी होण्याला वेगळा शब्द आहे. जपानी माणूस परीक्षा स्वीकारतो, त्यांचं ‘उकेरु’ म्हणजे आलेलं काही पत्करणं, झेलणं. जर्मन माणूस उत्तीर्ण होतो तेव्हा त्याच्या क्रियापदात उभं राहणं असतं, टिकून राहणं असतं, आणि नापास होतो तेव्हा तो आरपार खाली पडतो. रशियन सगळ्यांत विलक्षण. तिथे ‘स्दावात्’ म्हणजे परीक्षा देत असणं आणि ‘स्दात्’ म्हणजे ती देऊन पार होणं. क्रियापद एकच, फरक फक्त काम चालू आहे की तडीस गेलं एवढाच. शिवाय त्या दोन्हींच्या पोटात ‘दात्’ आहे, म्हणजे देणं. आपल्या संस्कृतातला ‘दा’ धातू आणि तो एकाच मुळाचे. हे भाचीला त्या दिवशी सांगायला हवं होतं. तिचं ‘दिली’ एकटं नव्हतं. हिंदी बोलणारे देतात, रशियन बोलणारे देतात, आणि आपल्याकडे इंग्रजी बोलणारे असंख्य लोक रोज बिनदिक्कत ‘गिव्ह’ करतात. इतक्या माणसांनी इतकी वर्षं वापरलेल्या शब्दाला चूक म्हणताना माझी जीभ आता पूर्वीसारखी चटकन वळत नाही. तरीही मी तो खोडते. कारण वाचणारा दुसरीकडे बसलेला असतो, आणि त्याच्या कानाला ते वाक्य असं ऐकू येतं की या मुलीने कुणाची तरी परीक्षा घेतली.

शब्दांच्या अशा ठरलेल्या जोड्यांना इंग्रजीत ‘कोलोकेशन’ म्हणतात. लॅटिनमधला अर्थ साधाच, एकत्र ठेवणं. त्यांचा पद्धतशीर अभ्यास सुरू करणाऱ्यांतला एक मोठा माणूस, हॅरॉल्ड पामर, हे काम करत होता तो टोकियोत. १९३३ साली तिथून त्याचा इंग्रजी कोलोकेशनवरचा अहवाल निघाला. मला हे ठिकाण फार बोलकं वाटतं. स्वतःच्या भाषेत वावरणाऱ्याला या जोड्या दिसतच नाहीत. त्या दिसायला परक्याला शिकवायला बसावं लागतं, आणि एखाद्या जपानी विद्यार्थ्याने प्रामाणिकपणे केलेली चूक हातात यावी लागते. पुढे १९५७ साली जे. आर. फर्थ या ब्रिटिश भाषाशास्त्रज्ञाने लिहिलं की शब्द ओळखायचा तो त्याच्या संगतीवरून. आपल्याकडे माणसांबद्दल हेच म्हणतात. ‘एक्झाम’ हा शब्द कुणाकुणाच्या संगतीत असतो? ‘टेक’, ‘सिट’, ‘पास’, ‘फेल’, ‘रीसिट’. पेपर काढणाऱ्यासाठी ‘सेट’, तपासणाऱ्यासाठी ब्रिटनमध्ये ‘मार्क’ आणि अमेरिकेत ‘ग्रेड’. आपण ‘पेपर काढला’चं ‘टुक आउट द पेपर’ करतो, तेव्हा ऐकणाऱ्याला कुणीतरी पिशवीतून वर्तमानपत्र बाहेर काढल्याचा भास होतो.

आणि मराठीच्या जोड्या तरी कुठे कुणाला समजावून सांगता येतात? मार्क पडतात. निकाल लागतो. पेपर फुटतो. पेपर सुटतो. पेपर अवघड जातो, सोपा जातो, आणि कधी कधी राहतो. एका परदेशी विद्यार्थ्याने मला विचारलं होतं, मार्क वरून पडतात का? मला उत्तर देता आलं नाही, पण त्या प्रश्नानंतर किती तरी दिवस मला शाळेतल्या वाटलेल्या उत्तरपत्रिका आठवत राहिल्या. वर कोपऱ्यात लाल शाईने काढलेलं वर्तुळ, त्यातला आकडा, आणि तो दिसू नये म्हणून दुमडलेलं पानाचं टोक. खरंच, ते मार्क मिळवल्यासारखे कधी वाटलेच नव्हते. पडल्यासारखेच वाटत. पावसासारखे, कुणाच्या अंगणात जास्त, कुणाच्या कमी.

इंग्रजीत पास व्हायच्या जोड्या पाहिल्या की मला सारखं पाणी दिसतं. एखादा ‘पासेस विथ फ्लाइंग कलर्स’. हे रंग म्हणजे जहाजावरचे झेंडे. लढाई मारून झेंडे फडकवत बंदरात येणारं जहाज त्यात आहे. कुणी ‘सेल्स थ्रू’, शिडात वारा भरून अलगद पार. कुणी ‘स्क्रेप्स थ्रू’, म्हणजे दोन्ही अंगांनी खरवडत, घासत, कसाबसा. हा शेवटचा वाक्प्रयोग शिकवताना मी हाताची पाठ टेबलाच्या कडेवर घासून दाखवते आणि सगळ्यांना लगेच कळतं. मग आपला ‘उत्तीर्ण’ पाहावा. उत् आणि तॄ, तरून वर येणं, पलीकडे पोचणं. जो तरला तो उत्तीर्ण, जो नाही तरला तो अनुत्तीर्ण. कुणी गटांगळ्या खातो. आणि जेमतेम पोचलेल्यासाठी तर आपल्याकडे किती नेमका शब्द आहे, ‘काठावर पास’! इतकी वर्षं हा शब्द बोलले, पण तो काठ नदीचा आहे हे मला उत्तीर्णच्या शेजारी ठेवल्यावरच दिसलं. ओलेत्याने, धापा टाकत, चिखलात बोटं रुतवून वर आलेला पोरगा. ‘पास’ हा शब्दसुद्धा मुळात पावलाचाच, पाऊल टाकून ओलांडण्याचा. त्याच्या आधी फारसीचा ‘ना’ लावून आपण ‘नापास’ केला, इंग्रजी शब्दाला फारसी उपसर्ग, आणि तो इतका मुरला की त्याचा सांधा आता हाताला लागत नाही.

तयारीच्या शब्दांबद्दलही एक सांगते. ब्रिटनमधला विद्यार्थी परीक्षेसाठी ‘रिव्हाइज’ करतो, अमेरिकेतला ‘स्टडी’ किंवा ‘रिव्ह्यू’. अमेरिकन कानाला ‘रिव्हाइज’ म्हणजे लिहिलेलं सुधारणं. ‘रिव्हाइज’ आणि ‘रिव्ह्यू’, दोन्हींच्या मुळाशी पुन्हा पाहणं आहे. आपली ‘उजळणी’ पाहण्यावर थांबत नाही. ती काळवंडलेलं भांडं घासून लखलखीत करण्याच्या जातीची आहे, जे आहे पण झाकोळलंय त्याला पुन्हा प्रकाशात आणण्याची. याच्या अगदी उलट ‘क्रॅम’, म्हणजे जागा नसताना दाबून भरणं, आणि आपलं ‘घोकणं’, ज्यात नुसता आवाज आहे. लहानपणी शेजारच्या खोलीतून येणारा भावाचा घोकण्याचा आवाज मला अजून ऐकू येतो. शब्द कळत नसत, फक्त चढउतार. मध्येच तो अडखळे आणि मी इकडे श्वास रोखून धरी, कारण पुढचा शब्द ऐकून ऐकून मला येत असे. पाठ झालेल्याला आपण तोंडपाठ म्हणतो, मुखोद्गत म्हणतो. इंग्रजी त्याला ‘बाय हार्ट’ म्हणते. आपल्याकडे ते तोंडात राहतं, त्यांच्याकडे काळजात. इथे मात्र मला इंग्रजीचा हेवा वाटतो.

पाहण्यावरून आठवलं. ‘परीक्षा’ या शब्दात पाहण्याचाच धातू आहे, ‘ईक्ष्’. परि म्हणजे सगळ्या बाजूंनी. एखाद्याला सगळ्या बाजूंनी पाहणं म्हणजे परीक्षा. ‘एक्झाम’ ज्यातून आला त्या लॅटिन शब्दाचा संबंध तराजूच्या काट्याशी. ‘टेस्ट’ सोनंचांदी शुद्ध करायच्या मातीच्या भांड्यावरून आली आणि आपली कसोटी सोनं घासायच्या दगडावरून. म्हणजे वजन करणारे, वितळवणारे, घासणारे शब्द एकीकडे आणि निव्वळ पाहणारा एक शब्द दुसरीकडे. मला तो सगळ्यांत दयाळू वाटायचा. मग एकदा ईक्ष् ची बाकीची लेकरं समोर मांडली. परीक्षा, अपेक्षा, प्रतीक्षा, उपेक्षा. चारही त्याच एका पाहण्याची. परीक्षेच्या आधी घरभर अपेक्षा असते, नंतर प्रतीक्षा, आणि निकाल वाईट लागला तर कुठल्या कुठल्या घरात उपेक्षा. एकाच डोळ्यांनी माणसं किती वेगवेगळं पाहू शकतात.

मी पर्यवेक्षणही केलं आहे, बरीच वर्षं. पर्यवेक्षक हा शब्दही ईक्ष् चाच. इंग्रजीत त्याला ब्रिटनमध्ये ‘इन्व्हिजिलेटर’ म्हणतात, त्यात जागरण आहे, पहारा आहे. वर्गात तीन तास बोलायचं नाही, वाचायचं नाही, फक्त जागं राहून पाहायचं. पहिला अर्धा तास नुसता पानांचा आवाज. मग पेनांचा. खूप पेनं एका वेळी चालली की सुक्या पानांवरून वारा गेल्यासारखा एक आवाज होतो, तो दुसरीकडे कुठेच ऐकू येत नाही. दीड तासानंतर माना वर होऊ लागतात. कुणी छताकडे पाहतं, कुणी माझ्याकडे पाहतं पण मी त्याला दिसत नसते. एकदा एका मुलीने प्रश्नपत्रिका उघडली, वाचली, परत घडी केली आणि दोन्ही हात तिच्यावर ठेवून बसून राहिली. नियमाप्रमाणे अर्धा तास झाल्याशिवाय बाहेर सोडता येत नव्हतं. तो अर्धा तास ती बसली. काही लिहिलं नाही, रडली नाही. मी दोनदा तिच्या बाकाजवळून गेले, पण तिच्याशी बोलायची मला मुभा नव्हती. इंग्रजीत विचारलं तर तिने काय केलं त्या दिवशी? ‘टेक’ म्हणवत नाही, आणि आपल्याकडचं ‘दिली’ तर नाहीच नाही. ती बसली, एवढंच खरं.

इंग्रजीतही परीक्षेला बसतात. ‘सिट अॅन एक्झाम’, मध्ये ‘फॉर’ असो वा नसो. हा प्रयोग ब्रिटिश वळणाचा. केंब्रिजच्या पदवी परीक्षेला ‘ट्रायपॉस’ म्हणतात, आणि ते नाव तीन पायांच्या स्टुलावरून पडलं असं सांगतात. जुन्या काळी पदवीच्या समारंभात त्या स्टुलावर बसलेला एक पदवीधर उमेदवारांशी वाद घालत असे. त्या जगात परीक्षा तोंडी होत्या, बसण्याचा मान वाद घालणाऱ्याला होता. पुढे परीक्षा लेखी झाल्या आणि बसायची पाळी सगळ्यांवर आली. तोंडी परीक्षेला अजूनही ‘व्हायव्हा’ म्हणतात, जिवंत आवाजाने दिलेली. आणखी एक गंमतीचा मेळ म्हणजे ब्रिटिश माणूस आपल्यासारखाच परीक्षेला बसतो आणि निवडणुकीला उभा राहतो. अमेरिकन माणूस निवडणुकीसाठी पळतो. जमवून न आणता दोन दूरच्या भाषा अशा एकाच आसनावर आलेल्या दिसल्या की मला मनापासून आनंद होतो, आपलं कुणीतरी परगावी भेटल्यासारखा.

पण आमच्या घरात ‘परीक्षेला बसणं’ हा शब्द आनंदाचा नव्हता.

आईने फार वर्षांपूर्वी एका परीक्षेचा फॉर्म भरला होता. लग्न झालेलं, आम्ही दोघं लहान. दुपारी आम्ही झोपलो की ती अभ्यास करी. तिची वही मी मोठेपणी पाहिली आहे. बारीक अक्षर, समासही सोडलेला नाही, कागद वाया जाऊ नये म्हणून. परीक्षेच्या आदल्या रात्री भावाला ताप चढला. सकाळी उतरला नव्हता. ती गेली नाही. एवढीच हकिकत आहे, आणि तीही मला तुकड्यातुकड्यांनी कळलेली. आई सांगताना एकच वाक्य सांगे, “बसायचं राहून गेलं.” मी भाषेची विद्यार्थिनी झाल्यावर या वाक्याकडे पुन्हा पुन्हा पाहिलंय. त्यात कर्ता नाही. कुणी अडवलं नाही, कुणी थांबायला सांगितलं नाही, तिने स्वतः ठरवलं असंही नाही. राहून गेलं, जसा गच्चीवर एखादा कपडा राहून जातो. मराठीची ही सोय मला कधी मायेची वाटते, कारण ती कुणावर बोट रोखत नाही. कधी तिचा रागही येतो, कारण बोट रोखायला हवं होतं. घरात त्या सकाळी आणखीही माणसं होती.

हीच सोय मला स्वतःलाही मिळाली होती. पदवीच्या दुसऱ्या वर्षी मी एका विषयात नापास झाले, तेव्हा आई म्हणाली, “पेपर अवघड निघाला असेल.” निघाला. पेपर कर्ता, मी कुठे तरी कडेला. ‘मला पेपर अवघड गेला’ या वाक्यात तर मी चतुर्थीत बसते आणि पेपर माझ्यावरून निघून जातो. इंग्रजीही ‘हाउ डिड इट गो?’ असं विचारते आणि ‘द एक्झाम वेंट बॅडली’ इतपत सूट देते. पण अर्जात, निवेदनात, मुलाखतीत ‘आय फेल्ड’ लिहावं लागतं. दोन शब्द आणि पूर्णविराम. माझ्या वर्गातला पन्नाशीचा एक गृहस्थ हे वाक्य लिहायला तयार नव्हता. व्याकरण त्याला येत होतं. तो म्हणाला, माझ्या भाषेत मी हे कधी असं म्हटलेलं नाही. मी त्याला ‘आय फाउंड द पेपर हार्ड’ शिकवलं. तो पेपर सापडल्याची कल्पना त्याला आवडली. ‘फेल्ड’ त्याने पुढच्या आठवड्यात लिहिलं, आपणहून, वहीच्या तळाशी.

या सगळ्यातून फिरून मी भाचीला फोन केला. कागद आधी खाली येतो आणि मग वर जातो हे सांगितलं, रशियनचं सांगितलं. ती बराच वेळ ऐकत राहिली. मग म्हणाली, “म्हणजे दिली हे चूक नव्हतं.” मी म्हटलं, चूक नव्हतं, पण तिथे नको. पुढे स्वतःहूनच मी बसण्यावर आले, स्टुलाचं सांगितलं, आणि आजीचंही. आजीच्या परीक्षेचं तिला ठाऊक नव्हतं. तिच्या आईने तिला कधी सांगितलं नव्हतं. आमच्यात ते सांगायची पद्धतच पडली नव्हती. “बसायचं राहून गेलं, याला इंग्रजीत काय म्हणतील?” तिने विचारलं. मी सवयीने म्हटलं, “शी मिस्ड द एक्झाम.” आणि बोलता बोलताच थबकले. ‘मिस’ म्हणजे हुकणं, आणि ‘मिस’ म्हणजे जे जवळ नाही त्याची आठवण येत राहणं. मराठीत आपण परीक्षा हुकली म्हणतो, बुडाली म्हणतो, म्हणजे पुन्हा पाणीच. पण हुकणं आणि हुरहुर एकाच शब्दात मला मराठीत मिळत नाहीत. आईच्या जुन्या शब्दकोशात ते प्रवेशपत्र अजून आहे, घड्यांवर विरलेलं, बैठक क्रमांक निळ्या शाईत. इतकी वर्षं मी त्याला पुस्तकातली खूण समजत होते.

भाचीने निवेदन दुरुस्त करून पाठवलं. तिथे ‘गेव्ह’ नव्हतं आणि ‘टुक’ही नव्हतं. ‘आय सॅट द एक्झाम ट्वाइस’ असं तिने लिहिलं होतं. मी काहीही खोडलं नाही.

त्या विद्यापीठासाठी तिला भाषेची एक परीक्षाही होती, गेल्या आठवड्यात झाली. ती थेट आमच्याकडे आली, पाठीवरची पिशवी न उतरवताच. बोटांना शाई नव्हती, हल्ली संगणकावर असतं सगळं, पण डोळे तसेच, परीक्षेहून आलेल्या माणसाचे. भाऊ आला होता. त्याने विचारलं पेपर कसा गेला, मीही तेच विचारलं, आणि ती लिसनिंगचा भाग थोडा भरभर गेला वगैरे सांगू लागली. आई तिच्या खुर्चीत होती. तिला आता कमी ऐकू येतं, आमचं बोलणं तिच्यापर्यंत पोचलं नसावं. तिने हात पुढे करून भाचीचं मनगट धरलं, तिला जवळ ओढलं आणि विचारलं, “बसलीस ना गं परीक्षेला?”

“बसले आजी,” भाची तिच्या कानाशी वाकून म्हणाली. “खिडकीजवळची जागा होती.”